ईसीजी नॉर्मल होता, तरीही

माझं वय ५१. तासगाव तालुक्यातल्या एका गावात मी अंगणवाडी सेविका आहे. मधुमेह बऱ्याच वर्षांपासूनचा, बीपी त्यानंतर लागलं. दोन्हींच्या गोळ्या चालू आहेत. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं याच्याभोवतीच फिरलं.

अंगणवाडीकडे जाताना थोडा चढ लागतो. गेल्या उन्हाळ्यापासून त्या चढावर निम्म्यात गेलं की जबडा आवळल्यासारखा व्हायचा, डावा खांदा जड पडायचा आणि दम लागायचा. जरा थांबलं की पाच मिनिटांत सगळं मोकळं. छातीत जोराची कळ, घाम, असं काहीच नव्हतं. घरात सगळ्यांचं एकच मत पडलं, पित्त. जाऊबाई म्हणाल्या, "रिकाम्या पोटी चहा पितेस, दुसरं काय होणार?" तालुक्याला एका दवाखान्यात दाखवलं. तिथं ईसीजी काढला, कागद नॉर्मल आला आणि पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. त्या संपल्या, पण चढावरचा त्रास तसाच राहिला.

मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ईसीजीचा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "जेवल्यावर होतं की चालल्यावर?" चालल्यावर. "थांबल्यावर आपोआप जातं?" जातं. तेवढ्यावर त्यांनी मिरजेच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. मधुमेह असलेल्यांच्या नसा बोथट होतात, त्यामुळे हृदयाचं दुखणं त्यांना छातीत जाणवेलच असं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. बायकांमध्येसुद्धा हे दुखणं बऱ्याचदा जबडा, पाठ, दम, थकवा अशा वाटांनी येतं. मी बायकांमध्येच काम करते. "पित्त झालंय" म्हणून अंगावर काढणाऱ्या किती जणी माझ्या ओळखीच्या आहेत! म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमच्या भागात मोठं दुखणं म्हटलं की मिरज. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून पार कर्नाटकातूनही माणसं तिथं उपचाराला येतात. मी गेले तो दवाखाना साधा होता. खाली नोंदणी, वर तपासणीच्या तीन खोल्या. बाकावर माझ्या शेजारी जतकडचं एक कुटुंब, पलीकडे कानडी बोलणारे आजोबा. जुने सगळे कागद आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या सोबत नेल्या होत्या. गोळ्यांची नावं तोंडी सांगण्यापेक्षा पट्ट्याच दाखवलेल्या बऱ्या.

पुन्हा ईसीजी झाला. हातापायांना चिमटे, छातीवर सहा ठिकाणी चकत्या, आणि मिनिटाभरात कागद बाहेर. पुन्हा नॉर्मल. मी डॉक्टरांना स्पष्टच विचारलं, मग चढावर होतं ते काय? ते म्हणाले, "मावशी, ईसीजी म्हणजे तुम्ही झोपलेल्या असतानाचे हृदयाचे फक्त काही सेकंद. तेवढ्यात हृदयाला त्रासच झाला नाही, तर कागदावर काय दिसणार?"

नंतर टू-डी इको. ही सोनोग्राफीच, हृदयाची. अंधाऱ्या खोलीत डाव्या कुशीवर झोपवतात, छातीला गार जेल लावून बरगड्यांच्या मधून यंत्राचं टोक दाबून धरतात. पडद्यावर झडपा उघडमीट करताना दिसल्या. मध्येच त्यांनी आवाज चालू केला आणि माझ्याच रक्ताचा सपसप आवाज खोलीभर झाला. रिपोर्टमध्ये ईएफ ६० टक्के. म्हणजे दर ठोक्याला डावा कप्पा भरलेल्या रक्तातलं किती टक्के बाहेर ढकलतो ते. ५५ च्या पुढे असलं की चांगलं समजतात. खाली 'ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन' असं एक वाक्य होतं. ते वाचून थोरल्या मुलाचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी समजावलं, की बीपी आणि साखर असलेल्यांत हे नेहमी दिसतं, हृदयाचा स्नायू सैल पडायला जरा वेळ घेतो एवढाच त्याचा अर्थ, आणि माझ्या त्रासाचं कारण ते नाही. इको पंप कसा चालतो ते सांगते. रक्तवाहिन्यांत अडथळा आहे का, ते नेहमीच्या इकोत थेट दिसत नाही.

दोन तपासण्या चांगल्या आल्या म्हटल्यावर घरी परत तीच चर्चा. आता आणखी खर्च कशाला? तेव्हा आमचे हे म्हणाले, "ठिबकची नळी अर्धी चोंदली तरी थंडीत वेल हिरवाच दिसतो. एप्रिलमध्ये पाण्याची ओढ लागली की शेवटचा वेल माना टाकतो." द्राक्षबागेत आयुष्य गेलेला माणूस. डॉक्टरांनी जे सांगितलं तेच हे होतं. रक्तवाहिनी बरीचशी अरुंद झाली तरी बसल्या जागी हृदयाला लागेल तेवढं रक्त पोचतं. साधारण ७० टक्क्यांच्या आसपास अडथळा गेला की श्रम करताना तुटवडा पडतो. म्हणून मला चालवून बघायचं होतं.

ती टीएमटी, स्ट्रेस टेस्ट. येताना सलवार-कमीज आणि बूट घालून या, दोन-तीन तास आधी जड खाऊ नका, असं फोनवरच सांगितलं होतं. सुनेचा ड्रेस घालून गेले. पडदा लावलेला होता, तपासणी करणारी मुलगी होती, "काकू, घाबरू नका, मी इथंच आहे" म्हणत तिनं छातीवर चकत्या चिकटवल्या. संकोचापायी ही तपासणी टाळणाऱ्या बायका आहेत. बाई तंत्रज्ञ आहे का, हे आधी विचारून घ्या. विचारण्यात काही गैर नाही.

चालायचा पट्टा सुरू झाला तेव्हा गंमतच वाटली, इतका सावकाश. पण तो सुरुवातीपासूनच चढता असतो, आणि दर तीन मिनिटांनी वेग नि चढ दोन्ही वाढतात. पहिला टप्पा ताशी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, दुसरा चारचा. नाडी किती व्हायला हवी त्याचा हिशोब भिंतीवर लिहिलेला होता: २२० मधून वय वजा करायचं आणि त्याचे ८५ टक्के. माझे १४४ आले. दंडाला बीपीचा पट्टा, समोर पडद्यावर ईसीजीच्या हलत्या रेषा, आणि शेजारी डॉक्टर स्वतः उभे. ही तपासणी डॉक्टर हजर असल्याशिवाय करून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा टप्पा संपत आला तसा जबडा आवळायला लागला. अगदी चढावर व्हायचा तसाच. मी सांगायच्या आतच डॉक्टर म्हणाले, "आता दुखतंय ना?" रेषा बघून त्यांना कळलं होतं. नाडी १३२ वर होती. पट्टा थांबवला, मला आडवं केलं आणि रेषा पूर्ववत होईपर्यंत ती मुलगी माझा हात धरून बसली. कागदावर दोन्ही दाखवलं: उभी असतानाची सरळ रेषा, आणि चालताना खाली दबलेली. इतके महिने मी जे सांगत होते, ते त्या कागदावर आलं. भीती वाटलीच, पण त्याच्याआधी सुटल्यासारखं वाटलं.

डॉक्टरांनी लगेच अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढायची तपासणी, म्हटलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. बायकांमध्ये टीएमटी कधी कधी खोटीच पॉझिटिव्ह येते, हे त्यांनी आपणहून सांगितलं. दोन वाटा होत्या. एक सीटी अँजिओग्राफी, त्यात शिरेतून औषध देऊन स्कॅन काढतात. दुसरी नेहमीची, मनगटातून बारीक नळी घालून करायची. त्रास सौम्य असता आणि साखर नसती तर त्यांनी सीटीच सुचवली असती. पण माझ्या बाबतीत रेषा आणि दुखणं दोन्ही एकाच वेळी आले होते, शिवाय मधुमेहात रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठलेलं असलं तर सीटीत नीट उमगत नाही. म्हणून नळीची ठरली. तोवर अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, नाडी संथ ठेवणारी गोळी आणि अडीअडचणीला जिभेखाली ठेवायची गोळी सुरू केली. एक ताकीदही दिली: बसल्या जागी दुखायला लागलं, घाम आला, जिभेखालच्या गोळीनं गेलं नाही, तर अँजिओग्राफीच्या तारखेची वाट बघायची नाही, थेट १०८ ला फोन करायचा.

गोळ्यांनी त्रास कमी झाला, गेला नाही. मी विचारलं, गोळ्यांवरच भागणार नाही का? ते म्हणाले, "बऱ्याच जणांचं भागतं. हार्ट अटॅक टाळायचं मुख्य काम गोळ्याच करतात. स्टेंटनं, म्हणजे अरुंद जागी बसवायच्या जाळीच्या नळीनं, चालताना येणारा त्रास जातो. तुमचा अडथळा कुठं आणि किती आहे, ते बघून ठरवू." इतकं सरळ उत्तर मिळाल्यावर माझी तयारी झाली.

अँजिओग्राफीसाठी कॅथलॅब, म्हणजे त्या तपासणीची खास खोली, असलेल्या मोठ्या रुग्णालयात जावं लागलं, डॉक्टर तेच. आधी रक्त तपासलं. त्यात क्रिएटिनिन महत्त्वाचं, कारण नळीतून सोडतात त्या औषधाचा भार मूत्रपिंडावर पडतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन केव्हा बंद ठेवायची आणि केव्हा सुरू करायची, तेही लिहून घेतलं. ज्यांना साखर आहे त्यांनी हे विचारल्याशिवाय आत जाऊ नये.

कॅथलॅब फार गार असते. अंगावर हिरवी चादर, उजवा हात फळीवर पसरलेला. मनगटात बधिर करण्याचं इंजेक्शन, तेवढंच दुखलं. नळी आत गेल्यावर त्यातून एक औषध सोडलं, तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत आग झाली आणि लगेच शमली. मी पूर्ण जागी होते. वरचा कॅमेरा कधी छातीच्या या बाजूला, कधी त्या बाजूला यायचा, आणि डॉक्टर म्हणायचे, "श्वास धरा... सोडा." वीसेक मिनिटांत झालं. मग त्यांनी माझं तोंड पडद्याकडे वळवून चित्र पुन्हा लावलं. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी एलएडी, तिची काळी रेघ सुरुवातीलाच एकदम बारीक झालेली, पुढे परत जाड. ९० टक्के अडथळा. बाकी दोन वाहिन्यांत किरकोळ.

इथं एक सांगायला हवं. बऱ्याच घरांत असं होतं, की माणूस टेबलावर असताना नातेवाइकांना आत बोलावतात आणि स्टेंट घालायचा का, हे पाच मिनिटांत हो-नाही विचारतात. घाबरलेला माणूस काय ठरवणार? अटॅकमध्ये घाई करावीच लागते. माझं तसं नव्हतं. म्हणून आम्ही आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं, की पहिल्यांदा फक्त अँजिओग्राफी, मग चित्र बघून सगळ्यांसमोर बोलणं. जागा एलएडीची, तीही सुरुवातीची, आणि गोळ्या घेऊनही त्रास चालू. स्टेंट घालायचं ठरलं.

थांबण्याचा आणखी एक उपयोग झाला, योजनेचा. महात्मा फुले जनआरोग्य योजना, आमच्याकडे अजून 'जीवनदायी'च म्हणतात. आता शिधापत्रिका कुठल्याही रंगाची असो, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, मात्र रुग्णालय योजनेत असायला हवं. ते आम्ही अँजिओग्राफीच्या आधीच पक्कं केलं होतं. अँजिओग्राफीचे पैसे आम्ही भरले. स्टेंटसाठी तळमजल्यावरच्या आरोग्यमित्रांनी, म्हणजे योजनेच्या मदतनीसांनी, शिधापत्रिका, आधार, डॉक्टरांचा कागद आणि अँजिओग्राफीचं चित्र घेऊन मंजुरीला पाठवलं. शिधापत्रिकेवर माझं नाव एक, आधारवर जरा वेगळं. त्यावरून थोरल्याला बरेच हेलपाटे पडले, एक जादा कागद करून आणावा लागला. घरात कुणाला दुखणं असो-नसो, दोन्हींवरची नावं आजच जुळवून घ्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंजुरी आली.

स्टेंट त्याच मनगटातून घातला. स्टेंट उघडायला आतून फुगा फुगवला तेव्हा क्षणभर जबडा ओळखीचा तसाच आवळला. नंतर मनगटावर हवा भरलेला पारदर्शक पट्टा, त्यातली हवा थोडी थोडी कमी करतात. हात वाकवायचा नाही, पाणी भरपूर प्यायचं. जे स्वतः पैसे भरतात त्यांच्यासाठी सांगते: फेब्रुवारी २०१७ पासून सरकारनं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली आहे. त्याआधी औषधी स्टेंट, म्हणजे औषधाचा लेप असलेले, लाखाच्या घरात जायचे; २०१७ मध्ये त्यांची मर्यादा २९,६०० रुपये ठरली, पुढे ती वेळोवेळी बदलत आली. बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवायला सांगा आणि त्याच्या वेष्टनावरचं लेबल फाइलला लावून घ्या. माझ्या फाइलला ते आहे, आणि अँजिओग्राफीची सीडीपण.

आता रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या आहेत. त्या किमान सहा महिने एकही दिवस चुकवायच्या नाहीत, दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. वाईट कोलेस्टेरॉल, एलडीएल, ७० च्या खाली आणायचं आहे, जमलं तर ५५ च्या. शेवटच्या तपासणीत ते ८२ होतं, म्हणून गोळी वाढवली. कामावर रुजू झाले. चढ मी न थांबता चढते. पुढच्या खेपेला तीन महिन्यांची साखर बघणार आहेत, आणि जुन्या बीपीच्या गोळीनं पायाला सूज येते का, हे मला विचारायचं आहे. कागदावर लिहून ठेवलंय.