दहा तोंडं

उजाडलं तरी झोप येईना, म्हणून लिहायला बसलो. बोहाडा संपला, आमचा रात्री मुखवटे घालून देवादैत्यांची सोंगं नाचवायचा उत्सव. महिषासुर पडला, जगदंबेपुढे नारळ फुटले, गाव पांगलं. माझ्या कानात संबळ चालूच आहे.

बाबा बोलले का नाहीत?

यंदा रावणाचं सोंग पहिल्यांदाच मी नाचवलं. मुखवटा आजोबांच्या हातचा, कागदाच्या लगद्याचा. दर बोहाड्याला रंगाचा नवा हात बसतो नि तो आणखी जड होतो. आतून बघायला एवढीशी फट. टेंभ्यांच्या धुरात पिपाणीवाला कुठे, माणसं कुठे, काही कळत नाही. तालावर पुढे जायचं, तालावरच मागे यायचं. खांदे सोलून निघालेत. असो, खांद्यांचं नाही म्हणत मी.

मुखवटा उतरवून देवळामागे पाणी पीत होतो. पलीकडच्या पाड्यावरचे एक म्हातारबा बाबांपाशी आले, हात जोडले नि म्हणाले, "यंदा बी तसाच नाचलास. पाय थकलं नाय तुझं." बाबा म्हणाले, "हां."

नुसतं हां! मी तिथेच उभा. बोट दाखवायला काय जात होतं? गुडघ्याचं सांगायची लाज वाटली असेल का? आईला विचारलं, तर ती... जाऊ दे.

रजेसाठी साहेबाची बोलणी खाल्ली ती या 'हां'साठी. कुठेकुठे आता सोंगांचा लिलाव होतो म्हणे. बोली लावणाऱ्याचं निदान नाव तरी पुकारत असतील. आमच्याकडे बापाचं सोंग पोराला, विषय संपला. 2014 ला जिल्हा फुटला नि आमचं गाव ठाणे जिल्ह्यातून नव्या पालघर जिल्ह्यात गेलं, रावण मात्र आमच्याच घरात राहिला.

लहानपणी गर्दीत उभा राहून मी ओरडायचो, "तो माझा बा हाय!" पोरं म्हणायची, "खोटं. तो रावण हाय." मी रडकुंडीला यायचो. बाबांना आत ऐकू जात असेल? आजोबा होते तोवर हे हात त्यांनाच जोडले जात असणार. बाबांनी तेव्हा काय केलं, विचारायला हवं. नाही विचारणार. बोललो नाही तर काय म्हणून बोललो नाही, यावर बाबा काय बोलणार!

दहा तोंडं लावून रात्री नाचलो, त्यात माझं एकही नाही. आता हसूच येतंय.

बाबा उठलेत. मुखवट्याच्या कडेचं एक तोंड हलतंय, कागद भिजत घाल म्हणतायत. धाकटा समोर मोकळा बसलाय, तरी मलाच.