तिसऱ्या रांगेतून उठून

मागच्या मे महिन्यात माझ्या पहिल्या लघुपटाचं शूटिंग संपलं. चौदा वर्षं कथक शिकवते आहे, नाच बसवणं हेच रोजचं काम. त्यामुळे पाच मुलींचा तराणा कॅमेऱ्यासमोर उभा करणं जड जाणार नाही, अशी खात्री होती. एडिटिंगला बसलो आणि दुसऱ्याच दिवशी एडिटर म्हणाला, "ताई, नाच सुंदर आहे. पण बघायचं कुठे, हे तुम्ही सांगतच नाही आहात. तिसऱ्या रांगेत बसून बघितल्यासारखं वाटतंय."

त्याचं खरं होतं. प्रत्येक शॉटमध्ये पाचही मुली डोक्यापासून पायापर्यंत. एकीचंही पाऊल सुटू नये, ही माझी शिक्षिकेची नजर. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी त्याला फोन करून दोन महिने मागून घेतले.

नाच बसवता बसवता चित्रपट दिग्दर्शक झालेली माणसं हॉलीवूडमध्ये बरीच आहेत. मी अमेरिकन नृत्यदिग्दर्शक बॉब फॉसीला धरून बसले, कारण त्याचे चित्रपट पाचच, आणि पहिला सपशेल पडलेला. जो पडून उठला त्याच्याकडून मला शिकायचं होतं. शंभर पानी वही आणली, रकाने आखले: मात्रा (तालाचे ठोके), शरीराचा कुठला भाग दिसतो, कट कुठे पडतो.

सुरुवात मात्र त्याच्या आधीच्या कामापासून केली. १९५३ च्या 'किस मी केट'मध्ये फॉसी नाचणारा नट म्हणून आहे. नृत्यदिग्दर्शन हर्मीस पॅनचं, पण एका गाण्यातला कॅरोल हॅनीबरोबरचा एक तुकडा फॉसीने स्वतः बसवला. जेमतेम पाऊण मिनिट. आजूबाजूला सगळे मोकळे, पसरून नाचतायत आणि हे दोघं मध्येच अंग आवळून घेतात, सरपटतात, बोटं वाजवतात. तो तुकडा मी किती वेळा बघितला, मोजला नाही. त्याचे केस लहान वयातच विरळ झाले म्हणून टोपी आली. वाकलेले खांदे आणि आत वळलेले गुडघे हे त्याचं स्वतःचं अंग होतं, तीच पुढे त्याची शैली झाली. हे वाचल्यावर वर्गातल्या दोन मुलींच्या ठेवणीतले 'दोष' मी पुन्हा नीट बघितले.

'स्वीट चॅरिटी' १९६९ चा. हे संगीत नाटक ब्रॉडवेवर, न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, त्यानेच बसवून गाजवलं होतं, पण चित्रपट तिकीटबारीवर कोसळला. मला त्यातली गाणी मनापासून आवडतात. आडव्या कठड्यावर रेललेल्या त्या कंटाळलेल्या बायका, नुसता एक खांदा हलतो आणि सगळं कळतं. पण कॅमेरा सारखा झूम होतो, मध्येच चित्रं गोठतात. रंगमंचावर नसलेलं सगळं एकदम वापरून बघायची घाई मला त्यात दिसते. मी उलटं केलं होतं, कॅमेरा हलवलाच नव्हता. मुळात चूक एकच: कॅमेरा नाचाचा भाग झाला नव्हता, माझाही आणि त्याचाही.

त्या अपयशानंतर स्टुडिओला तो नको होता. निर्माते साय फ्युअर आग्रहाने मागे उभे राहिले आणि त्याला 'कॅबरे' मिळाला. १९७२ चा हा चित्रपट माझ्या वहीची चाळीस पानं घेऊन बसला आहे. गोष्ट हिटलर सत्तेवर येण्याआधीच्या बर्लिनमधल्या एका नाइटक्लबची, आणि गाणी जवळजवळ सगळी त्या क्लबच्या छोट्या स्टेजवर. पात्रं रस्त्यात मध्येच गायला लागत नाहीत. क्लबबाहेरचं मोठं गाणं एकच: बागेत एक गोरा मुलगा गातो, आधी फक्त चेहरा, मग कॅमेरा खाली सरकतो आणि दंडावरची नाझी पट्टी दिसते. मग एकेक माणूस उठून गाऊ लागतो आणि एक म्हातारा तेवढा बसून राहतो.

दुसऱ्या एका ठिकाणी स्टेजवर मांड्यांवर, बुटांवर थापा मारत करायचा बव्हेरियन नाच चालू आहे, आणि बाहेर नाझी गुंड क्लब चालवणाऱ्या माणसाला मारतायत. थाप, ठोसा, थाप, ठोसा. एकाच लयीत. इथे मी उठून दिवा लावला आणि हाताने मात्रा धरून पुन्हा बघितलं. आम्ही कथकवाले सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठण्यासाठी जीव टाकतो. मी प्रत्येक कट समेवर पाडला होता. फॉसी कित्येकदा हालचाल अर्ध्यात असतानाच कापतो, आणि सम पुढच्या चित्रात पडते. डोळा आपोआप पुढे ओढला जातो.

या चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली. १९७३ या एकाच वर्षात त्याला दिग्दर्शनाचं ऑस्कर, 'पिपिन' या नाटकासाठी रंगभूमीचं टोनी आणि 'कॅबरे'ची नायिका लायझा मिनेली हिच्या टीव्ही कार्यक्रमासाठी टीव्हीचं एमी, असे तिन्ही सन्मान मिळाले.

'लेनी' कृष्णधवल, स्टेजवर उभं राहून बोलणाऱ्या एका विनोदी कलाकारावरचा, नाचाचा चित्रपट नव्हेच. बोलण्याचीही लय कापता येते एवढं तिथून घेतलं. 'स्टार ८०' एकदाच बघितला, फार अंगावर आला.

'ऑल दॅट जॅझ' मात्र दर आठवड्याला. १९७४ मध्ये 'लेनी'चं एडिटिंग आणि 'शिकागो' या नाटकाच्या तालमी एकदम चालू असताना फॉसीला हृदयविकाराचा झटका आला. ते सगळं त्याने या १९७९ च्या चित्रपटात घातलं, बायको आणि मुलीकडे झालेलं दुर्लक्षसुद्धा. कामाच्या ध्यासात घरच्यांना गृहीत धरणं मला मुळीच पटत नाही. पण त्याने ते लपवलं नाही, याचा आदर वाटतो. सुरुवातीला ऑडिशन आहे, स्टेजभर गर्दी. त्यात एक गिरकी एका नर्तकाच्या अंगात सुरू होते, कट, दुसऱ्याच्या अंगात पुढे जाते, कट, तिसऱ्याच्या. माणसं बदलतात, गिरकी एकच राहते. वहीत मी तिथे फक्त 'चक्कर' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

ऑगस्टमध्ये दोन दिवस पुन्हा शूटिंग केलं. त्याआधी पंधरा दिवस पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून त्यातून तालीम बघत होते, म्हणजे नजरेला सगळं बघायची सवय सुटावी. पाची मुलींनी एकेकटीने चक्कर घेतले. कॅमेरा एकाच उंचीवर, अंतर तेच, फिरण्याची दिशा तीच. शेवटी माझ्या गुरूंना विनंती केली. बाई सत्तरीच्या पुढच्या. "एकच घेईन गं," म्हणाल्या, पदर खोचला आणि घेतला.

एडिटरने सहाही तुकडे जोडले. सर्वांत लहान मुलीची वेणी हवेत असताना कट होतो आणि त्या झोकात बाईंचा चेहरा समोर येतो. सम तिथे पडते.

त्याने पट्टी मागे नेली आणि पुन्हा लावली. आम्ही दोघं काही बोललो नाही.