दाब गं आत्या, काही बिघडत नाही

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला अनोळखी नंबरावरून फोन आला. पलीकडे आत्या. शेजारणीच्या फोनवरून बोलत होती. "अगं, माझा फोन बोलायला लागलाय. बोट लावलं की वाचून दाखवतो, पण उघडत काहीच नाही. आणि मी कशालाही हात लावलेला नाही हं!"

हे शेवटचं वाक्य मला पाठ आहे. आमच्या नात्यागोत्यातलं 'जरा बघ ना, काय झालंय' हे खातं बरीच वर्षं माझ्याकडे आहे. माझं काम भाषांतराचं, कॉम्प्युटर दुरुस्तीशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण दिवसभर पडद्यासमोर बसते म्हणजे हिला कळत असणार, असा सगळ्यांचा हिशोब.

आत्याच्या फोनमध्ये टॉकबॅक चालू झालं होतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी ही सोय अँड्रॉइडमध्ये असते, आणि बऱ्याच फोनवर आवाजाची दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबून धरली की ती चालू किंवा बंद होते. पर्समधून फोन ओढून काढताना नेमकं तेच झालं असणार. पुन्हा दोन्ही बटणं दाबून धर म्हटलं, लगेच बंद झालं. तशी बंद झाली नाही तर एवढं लक्षात ठेवायचं की टॉकबॅक चालू असताना एकदा टेकवलं की ती गोष्ट फक्त निवडली जाते, उघडायला लागोपाठ दोनदा टेकवावं लागतं आणि पडदा सरकवायला दोन बोटं लागतात. या पद्धतीने सेटिंग्जपर्यंत पोचता येतं. आयफोनवर याचंच भावंड म्हणजे व्हॉइसओव्हर. ते सिरीला सांगून बंद करता येतं.

दुरुस्तीला एक मिनिट लागलं. त्यानंतर दोन दिवस मात्र आत्याने फोन उचलण्यापलीकडे त्याला हात लावला नाही. "परत काहीतरी दाबलं जायचं."

मला तेव्हापासून वाटायला लागलंय की लोकांना युक्त्या कमी पडत नाहीत. भीती आडवी येते. काही बिघडलं तर? म्हणून आता कुणी 'काहीतरी ट्रिक शिकव' म्हटलं की मी आधी मागे फिरायचे रस्ते दाखवते.

पहिला रस्ता बहुतेकांना अर्धवट माहीत असतो. कंट्रोल आणि झेड (मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड, पुढेही बहुतेक ठिकाणी तसंच). लिहिताना चुकलं की हे दाबायचं, इतकं सगळे जाणतात. पण हेच फाइलींच्या खिडकीतही चालतं. माउसने फोल्डर ओढताना तो भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडला, आता कुठे गेला सापडत नाही, असं झालं की शोधत बसू नका, तिथल्या तिथे कंट्रोल-झेड. नाव चुकीचं बदललं तरी तेच. माझ्या एका मैत्रिणीने 'हरवलेला' फोल्डर शोधण्यात अख्खी दुपार घालवली होती. तो शेजारच्याच फोल्डरच्या पोटात होता.

ब्राउझरमध्ये चुकून टॅब बंद झाला तर कंट्रोल-शिफ्ट-टी. क्रोम, फायरफॉक्स, एज, सगळीकडे चालतं. पुन्हा दाबलं की त्याच्या आधी बंद केलेला टॅब येतो, असं मागे मागे जाता येतं. पूर्ण खिडकी बंद झाली असेल तर ती सगळ्या टॅबांसकट परत येते. हे मला कळलं त्या दिवशी मी अक्षरशः उठून उभी राहिले होते. तोवर कितीदा तरी अर्धवट वाचलेली पानं इतिहासाच्या यादीत शोधली होती.

विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि व्ही. नेहमीचं कॉपी-पेस्ट शेवटची एकच गोष्ट लक्षात ठेवतं. हे मागच्या २५ गोष्टी ठेवतं. पहिल्यांदा दाबलं की 'चालू करू का' म्हणून विचारतं, हो म्हणायचं. भाषांतरात एखादा परिच्छेद कट केला, पेस्ट करायच्या आधी दुसरंच काहीतरी कॉपी केलं आणि परिच्छेद गेला, हे माझ्या बाबतीत आठवड्यातून दोनदा व्हायचं. आता होत नाही. एकच सावधगिरी, कॉपी केलेले पासवर्डही त्या यादीत येऊन बसू शकतात. मशीन कुणासोबत वाटून वापरत असाल तर यादी पुसत जा. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की पिन केलेल्या गोष्टी सोडून बाकी यादी तशीही जाते.

कॉपी-पेस्ट ही कल्पना रुळवली ती लॅरी टेस्लर यांनी, १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात. २०२०मध्ये ते वारले. त्यांचा सगळ्यात मोठा राग 'मोड'वर होता. म्हणजे तेच बटण आत्ता एक करतं आणि यंत्र दुसऱ्या अवस्थेत असलं की वेगळंच करतं, हे त्यांना अजिबात खपायचं नाही. त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा 'नो मोड्स' असं होतं. मला हा माणूस फार जवळचा वाटतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी मोडच्याच असतात. टॉकबॅक हा मोडच. कीबोर्डवरचं इन्सर्ट बटण हाही मोड. काही प्रोग्रॅममध्ये ते चुकून दाबलं गेलं की टाइप करावं तसतशी पुढची अक्षरं गिळली जातात आणि माणूस घाबरतो. पुन्हा एकदा इन्सर्ट दाबायचं, झालं. वेबपानावरची अक्षरं अचानक मुंगीएवढी झाली तर कंट्रोल आणि शून्य. आयफोन-आयपॅडचा पडदा भिंगाखाली धरल्यासारखा प्रचंड मोठा झाला तर तीन बोटांनी दोनदा टेकवायचं. विंडोजचा पडदा काळा पडून गोठला असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चारही बटणं एकदम. पडदा क्षणभर लुकलुकतो, कारण चित्र दाखवणारा ड्रायव्हर नव्याने चालू होतो. उघडी कामं जागच्या जागी राहतात. दरवेळी जमेलच असं नाही, पण वायर उपटण्याआधी करून बघण्यासारखं आहे.

'बंद करून चालू कर' या सल्ल्यातही एक गोम आहे. विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असेल तर शटडाउन केल्यावर यंत्रणेचा गाभा पूर्ण मिटत नाही, त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलली जाते. म्हणजे कालचा घोळ आज परत हजर. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं खरंच नव्याने सुरू होतं. भावाने मला शपथेवर सांगितलं होतं की तो रोज रात्री लॅपटॉप बंद करतो. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली 'अप टाइम' बघितला, तर ४१ दिवस. तो खोटं बोलत नव्हता. त्याला म्हटलं, आठवड्यातून एकदा शटडाउन नको, रीस्टार्ट कर.

फोनवर मागे फिरण्याचे रस्ते आहेत, फक्त ते लपलेले असतात. आयफोन-आयपॅडवर लिहिताना तीन बोटं डावीकडे सरकवली की कंट्रोल-झेड होतं. नको असलेला फोटो पुसला तरी तो लगेच जात नाही: आयफोनमध्ये नुकत्याच पुसलेल्या फोटोंच्या अल्बममध्ये ३० दिवस राहतो, गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला असेल तर ट्रॅशमध्ये ६० दिवस. (याचीच दुसरी बाजू म्हणजे जागा मोकळी करायला आयफोनवरचे हजार फोटो पुसले तरी तो अल्बम रिकामा करेपर्यंत जागा काही मोकळी होत नाही.) वाचायच्या आधीच बोट लागून सरकून गेलेलं नोटिफिकेशन अँड्रॉइड ११पासून सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशन हिस्टरीत सापडतं, पण ती आधी चालू करून ठेवावी लागते. आजच करा. आणि कर्सर दोन अक्षरांच्या मधोमध नेताना बोटाखाली काहीच दिसत नाही म्हणून चिडचिड होत असेल, तर स्पेसबार वापरा. जीबोर्डवर, म्हणजे गुगलच्या कीबोर्डवर, त्याच्यावरून बोट आडवं सरकवायचं, आयफोनवर दाबून धरून मग हलवायचं. कर्सर आज्ञाधारकपणे सरकतो. मराठी लिहिताना वेलांटी दुरुस्त करायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

जीमेलमध्ये पत्र पाठवलं की 'अनडू' पाच सेकंद दिसतं, सेटिंग्जमध्ये जाऊन ते तीस सेकंदांपर्यंत वाढवता येतं. वाढवा. ते पत्र खरं तर तेवढा वेळ पाठवलेलंच नसतं, दाराशी उभं असतं. अटॅचमेंट राहिली हे मला साधारण आठव्या सेकंदाला आठवतं, त्यामुळे पाच माझ्या काहीच कामाचे नव्हते.

आता जे परत फिरत नाही त्याच्याबद्दल.

पाच-सहा वर्षांपूर्वी एका लांबलचक कामाच्या सगळ्या फाइली मी पेनड्राइव्हवर ठेवल्या होत्या. फक्त पेनड्राइव्हवर. एका संध्याकाळी आवराआवर करताना त्यातला एक फोल्डर निवडला आणि डिलीट केला. दोन सेकंदांनी लक्षात आलं की भलताच फोल्डर गेला. तरी मी निवांत होते, रीसायकल बिनमध्ये असेल म्हणून. तिथे नव्हता. पेनड्राइव्हवरून पुसलेल्या फाइली सहसा रीसायकल बिनमध्ये जातच नाहीत, शिफ्ट दाबून डिलीट केल्यासारख्या थेट जातात. हे मी लोकांना सांगत फिरायला हवं होतं आणि मलाच माहीत नव्हतं.

त्या वेळी एक गोष्ट नशिबाने बरोबर केली: पेनड्राइव्हवर पुढे काहीही लिहिलं नाही. पुसणं म्हणजे बहुतेक वेळा फक्त यादीतलं नाव काढणं असतं. मजकूर जागेवरच असतो, त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. (लॅपटॉपमधल्या एसएसडीचं, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कचं, तसं नाही. ट्रिम नावाची यंत्रणा पुसलेली जागा मागच्या मागे साफ करून टाकते, म्हणून तिथे आशा फार कमी.) फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. नाव फोटोचं असलं तरी ते इतर कागदपत्रंही शोधतं. रात्रभर लावून ठेवलं. सकाळी फाइली होत्या, पण एकीलाही तिचं स्वतःचं नाव नव्हतं. एफ अक्षर आणि पुढे लांबच लांब आकडे, अशी सगळ्यांची नावं. तीनशेच्या वर फाइली एकेक उघडून कोण कोणती ते ओळखण्यात तीन रात्री गेल्या. त्यात माझा एक जुना कच्चा खर्डाही सापडला, तो गेला असता तरी चाललं असतं.

तेव्हापासून कट-पेस्ट मी फाइलींसाठी करतच नाही. कॉपी करते, नव्या जागची फाइल उघडून बघते, मग जुनी पुसते. आणि ३-२-१ पाळते. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने मांडलेला हा नियम: प्रती तीन, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. यात लोक एक घोटाळा करतात, सिंकला, म्हणजे सगळ्या यंत्रांवर तीच फाइल जुळवून ठेवण्याला, बॅकअप समजतात. फोन, टॅब्लेट आणि लॅपटॉप तिन्हीकडे तीच फाइल दिसते म्हणजे तीन प्रती आहेत असं नाही. एकीकडे पुसली की तिन्हीकडून जाते. माझी तिसरी प्रत एका बाहेरच्या हार्डडिस्कवर असते. ती दर महिन्याला जोडायची, कॉपी करायची, काढून ठेवायची. सतत जोडून ठेवलेली डिस्क लॅपटॉपबरोबरच बिघडते किंवा चोरीला जाते.

फोन हरवणं हीसुद्धा न फिरणारी गोष्ट, निदान तयारी नसेल तर. फोन हातात आहे तोवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश हे डायल करा. कॉलचं बटण दाबायच्या आधीच पडद्यावर पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, येतो. तो कागदावर लिहा, फोनच्या नोट्समध्ये नको. (आत्याने नोट्समध्येच लिहिला होता.) दुसरं म्हणजे गुगल खात्याचे बॅकअप कोड. टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक पुष्टी मागणारी सोय) चालू असलं की दुसऱ्या मशीनवरून खातं उघडताना पुष्टी हरवलेल्याच फोनवर मागितली जाऊ शकते, म्हणजे किल्ली कुलुपाच्या आत. त्यासाठी गुगल आधीच दहा कोड देऊन ठेवतं. प्रत्येक आठ आकडी, एकदा वापरला की संपला. खात्याच्या सुरक्षेच्या पानावर टू-स्टेपच्या खाली मिळतात.

परवा आत्याकडे बसून तिचे कोड काढले, तिच्या अक्षरात कागदावर उतरवून घेतले आणि कागद तिने कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली ठेवला. मग तिने विचारलं, "तुझे कुठे आहेत?"

माझे छापून एका पुस्तकात ठेवलेत. कुठल्या, ते आठवत नाही. घरी आल्यापासून दोन कपाटं पालथी घातली. आता नवीन दहा काढणार आहे. नवे काढले की जुने आपोआप रद्द होतात, त्यामुळे ते पुस्तक मी कुणाला वाचायला दिलेलं असलं तरी हरकत नाही.