डॉल्फिनच्या तारा आणि वेलिणकर

रविवार, रात्री

आज आमच्या मॉडेल विमानांच्या क्लबात वरचा पंख बसवायचा की नाही यावर बराच वेळ गेला आणि शेवटी नाही बसवला. मला घाई नाही. सॉपविथ डॉल्फिन, पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, घाईत होणारं नाहीच.

क्लब म्हणजे दादरला एका सभासदाच्या क्लासची खोली, रविवारी मुलं नसतात म्हणून आम्हाला मिळते. लांब बाकं, प्रत्येकाचा आपापला टेबल लॅम्प, कटिंग मॅट, आणि थिनरचा वास जावा म्हणून पावसातसुद्धा उघड्या ठेवलेल्या खिडक्या. कोणी टँक करतं, कोणी मिग, एकजण जुन्या विक्रांतवरचं सी हॉक करतोय. दोन पंखांचं पहिल्या महायुद्धातलं विमान सध्या माझं एकट्याचंच आहे, कारण दोन पंखांमध्ये ताणायच्या तारा म्हटलं की बरेच जण हात जोडतात.

किट १/३२ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्शाएवढं, विंगनट विंग्जचं. न्यूझीलंडमधली कंपनी, सिनेमावाल्या पीटर जॅक्सनची, फक्त पहिल्या महायुद्धातलीच विमानं करायचे आणि काय करायचे! २०२० ला बंद पडली, तेव्हापासून त्यांच्या बंद खोक्यांचे भाव ऐकवत नाहीत. मला हे मिळालं ते क्लबातल्या एका सभासदामुळे, त्याच्या कपाटात होतं, मी कोणासाठी करतोय हे ऐकल्यावर त्याने घेतलेल्याच किमतीला देऊन टाकलं, वर म्हणाला तूच कर. असे लोक भेटतात म्हणून मी रविवारी दुसरं काही ठरवत नाही.

कोणासाठी, तर लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर. मुंबईचा मुलगा, केंब्रिजला शिकायला गेलेला, तिथून रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश हवाई दलात. ज्या काळात हिंदी माणसाला ब्रिटिश फौजेत अधिकाऱ्याचं कमिशन मिळणं जवळजवळ अशक्य होतं त्या काळात जे चौघे हिंदी पायलट पश्चिम आघाडीवर लढले त्यातले हे एक. बाकीचे हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय आणि एरॉल चंदर सेन. मलिक वाचले, पुढे राजदूत झाले, १९८५ पर्यंत जगले. सेन युद्धकैदी झाले. रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत १० विमानं पाडली आणि २२ जुलैला गेले, तेव्हा २० वर्षांचेही नव्हते, त्यांच्यावर १९९८ ला आपल्या पोस्टाचं तिकीटही निघालं. वेलिणकर २३ स्क्वाड्रनमध्ये, डॉल्फिनवर. जून १९१८ च्या शेवटी गस्तीवर गेले ते परत आले नाहीत, ३० जूनला जर्मनांच्या ताब्यात असताना वारले. फ्रान्समध्ये अमियांच्या जवळ हँगार्ड नावाचं खेडं आहे, तिथल्या दफनभूमीत त्यांची कबर आहे.

आज एकाने विचारलं की रॉय ज्यावर लढले ते एसई ५ का नाही करत, नावाजलेलं विमान आहे, बांधायला सोपं, लोक ओळखतात. बरोबर आहे त्याचं. पण रॉय यांना लोक ओळखतात म्हणूनच मला ते करायचं नाहीये. पाडलेल्या विमानांच्या आकड्यावरच पायलट लक्षात ठेवायचे तर वेलिणकरांसारखी माणसं कुठे जाणार? आपल्याच शहरातून गेलेला पोरगा, आणि क्लबातल्या निम्म्या लोकांनी माझ्याकडून पहिल्यांदा नाव ऐकलं.

मंगळवार

ऑफिसातून आल्यावर थोडा वेळ बसलो. बाहेर धो धो. पावसाळ्यात या छंदाचे नियमच बदलतात. लॅकर पेंट मारला की थिनर पटकन उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतला दमटपणा त्यावर बसतो आणि रंगावर पांढरी झाक येते. म्हणून जून ते सप्टेंबर लॅकर बंद, अॅक्रिलिक चालू, तेही एसी लावून खोली कोरडी करून मगच. सुपरग्लूचं उलटं, तो दमटपणानेच पकडतो, त्यामुळे पावसाळ्यात जरा जास्तच लवकर सुकतो आणि तारेचं टोक भोकात सरकवायला वेळच मिळत नाही. मी आता टोकाला ग्लू लावतच नाही, आधी दोरा भोकातून ओवतो, चिमट्याला वजन लावून ताण देतो आणि मग सुईच्या टोकाने भोकाशी थेंब सोडतो.

रंगाबद्दल. वरच्या बाजूला पीसी १० नावाचा रंग, म्हणजे पंखाच्या कापडावर ते ताठ राहावं म्हणून दिला जाणारा लेप, डोप, त्यात पिवळी गेरू आणि काजळी. पिवळ्यात काळं मिसळलं की हिरवट होतं हे चित्रकलेच्या तासाला कळतं, आणि इथेच सगळं भांडण आहे, कारण तोच रंग नवा असताना हिरवट ऑलिव्ह, आणि ऊन खाऊन, वॉर्निश चढून, जुना झाला की तपकिरी. क्लबात यावर दोन तट आहेत आणि दोघांकडे म्युझियममधल्या कापडाच्या तुकड्यांचे फोटो आहेत. मी हिरव्याकडे झुकणारा तपकिरी केला, पंखाच्या फासळ्यांवर किंचित उजळ, कारण १९१८ च्या उन्हाळ्यात आघाडीवरचं विमान फार जुनं होईपर्यंत टिकायचंच नाही. खालून नुसतं डोप दिलेलं लिनन, फिकट, साईसारखं. तो रंग एअरब्रशने इतका पातळ मारला की उजेडात धरलं की आतल्या फासळ्यांची सावली पडल्यासारखी वाटते. आजचं काम मनासारखं झालं, झोप येत नाहीये त्यामुळे.

गुरुवार

आज काकांना फोन केला. काका म्हणजे क्लबातले सगळ्यात ज्येष्ठ, विमानाच्या मेंटेनन्समध्ये आयुष्य गेलेलं, आता रिटायर. त्यांना विचारलं, काका, आधी कुठल्या तारा ओढू? म्हणाले, "अरे आधी मला सांग कुठली तार काय काम करते, मग तुलाच कळेल." आणि मग फोनवरच शिकवलं. विमान हवेत असताना पंख वर उचलले जातात, तेव्हा आतून, खालच्या पंखाच्या मुळाशी सुरू होऊन बाहेरच्या बाजूला वर जाणाऱ्या तारा सगळा भार घेतात, त्या फ्लाइंग वायर. जमिनीवर पंख स्वतःच्या वजनाने खाली येऊ बघतात, तेव्हा आतून वरून बाहेर खाली येणाऱ्या तारा धरतात, त्या लँडिंग वायर. म्हणजे एकाच चौकटीत दोन तिरक्या तारा एकमेकींना छेदून जातात आणि दोघींचं काम उलट. डॉल्फिनला दर बाजूला अशा दोन चौकटी. काका म्हणाले खऱ्या विमानात तारा तंबोऱ्यासारख्या लावायच्या, एक जास्त ओढली की दुसरी ढिली, आणि पंखच पिळवटायचा. मॉडेलमध्येही तेच होतं, प्लास्टिक त्याहून लवकर वाकतं. म्हणून आतल्या चौकटीपासून बाहेर, आणि डावी एक की लगेच उजवी एक.

आणि तारही साधी नाही. ब्रिटिशांच्या त्या तारांना राफ वायर म्हणतात, फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीवरून, गोल नसून चपट्या, वाऱ्याला कमी अडवाव्यात म्हणून. इथे बरेच जण तंगूस वापरतात, मासेमारीचा, स्वस्त आणि ताठ, पण तो गोल. मी चपटा लवचिक दोरा घेतला. त्याची अडचण अशी की तो मध्येच पीळ खातो आणि एका ठिकाणी रुंद, एका ठिकाणी सुतासारखा दिसतो. त्यावर उपाय टॉर्च. तिरका उजेड टाकला की चपट्या बाजूवर सलग चकाकी दिसते, जिथे तुटली तिथे पीळ. मग टोक सोडवून परत. कंटाळा येत नाही का असं बायको विचारते. नाही येत, खरंच नाही येत. एकेका तारेला जितका वेळ लागतो तितका वेळ मी त्या विमानात असतो.

शनिवार

आज कॉकपिटबद्दल लिहायचं आहे कारण या विमानाची सगळी अवघड बाजू तिथून निघते.

साधारण दोन पंखांच्या विमानात वरचा पंख थोडा पुढे असतो. डॉल्फिनमध्ये उलट, खालचा पुढे, वरचा मागे. सॉपविथचे डिझायनर हर्बर्ट स्मिथ यांनी हे केलं ते पायलटला वर आणि पुढे मोकळं दिसावं म्हणून. वरच्या पंखाच्या मधोमध कापडच नाही, लोखंडी चौकट आहे आणि पायलटचं डोकं त्या चौकटीतून वर येतं. आकाश अख्खं दिसतं. पण विमान उतरताना नाकावर पालथं पडलं तर पहिल्यांदा जमिनीला लागणार ती चौकट आणि ते डोकं. त्याच चौकटीच्या पुढच्या दांडीवर वर रोखलेल्या लुईस मशीनगन, दोन, त्या सुटून हलायच्या आणि पायलटच्या तोंडावर यायच्या, म्हणून कित्येकांनी एक काढली, काहींनी दोन्ही. खाली नाकात दोन व्हिकर्स गन असायच्याच. हिस्पानो इंजिन, त्याच्या गिअरचा त्रास वेगळा. चांगलं एवढंच की रेडिएटरचे ठोकळे कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना आणि गरम पाण्याचे पाइप भिंतीलगत, त्यामुळे ६,००० मीटरच्या थंडीत बाकी पायलट कुडकुडायचे तेव्हा डॉल्फिनवाला त्यातल्या त्यात उबेत. आकार इतका अनोळखी की १९१७ मध्ये पहिलं विमान फ्रान्सला नेलं तेव्हा दोस्तांच्याच तोफांनी त्यावर गोळे टाकले.

हे सगळं वाचून ठेवलेलं होतं, पण ती चौकट हातात घेऊन, बारीक भोकं पाडून, आकृती सीटवर बसवून बघितल्यावर ती केवढीशी जागा आहे ते डोळ्यांना दिसलं. चौकटीच्या दांड्या त्याच्या मानेच्या दोन्ही बाजूंना. अख्खं मॉडेल पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ३१ सेंटीमीटर, माझ्या शाळेच्या पट्टीएवढं, आणि त्यात हा माणूस बसलाय.

पायलटची आकृती वेगळी घेतली आणि ती रंगवायला क्लबातल्या एका मुलीकडे दिली, जेजेला शिकते, आकृत्यांमध्ये तिचा हात कोणी धरू शकत नाही. मी फक्त एवढं सांगितलं की हा मुंबईचा मराठी मुलगा आहे. तिने मला परवा फोन करून विचारलं, "दादा, स्किनच्या रेडीमेड बाटल्या सगळ्या गोऱ्यांच्या आहेत, मी स्वतः मिक्स करू का?" कर म्हटलं. आज तिने आणून दिली. सिडकॉट सूट म्हणजे पायलटचा जाड गरम पोशाख, फरची कॉलर, चामड्याचं शिरस्त्राण, आणि त्याखाली चेहरा गव्हाळ, डोळ्यांखाली किंचित गडद, ओठ आपल्यासारखे. ती म्हणाली, आमच्या चुलतभावाचा चेहरा समोर ठेवून केला, तोही तेवढ्याच वयाचा आहे. मी काही बोलू शकलो नाही बराच वेळ. इतकी वर्षं आम्ही सगळे पायलट गुलाबीच रंगवत आलोय, कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

रविवार

आज वरचा पंख बसला.

आधी त्याच्या खालच्या बाजूला सगळे दोरे चिकटवून सोडले होते, टोकांना मास्किंग टेपची चिठ्ठी, कुठला कुठे जाणार ते लिहिलेलं. पुठ्ठ्याच्या खाचा कापून साचा केला होता, त्यात खालचे पंख आणि धड टेकवलं. उभे दांडे सगळे एकदम भोकात जावे लागतात, दोन हातांनी ते होतच नाही. काकांनी मागची बाजू धरली, सी हॉकवाल्याने डावं टोक, त्या मुलीने चिमट्याने मधली चौकट, आणि मी एकेक दांडा बसवत गेलो. खोलीत बाकीचं काम थांबलं होतं. शेवटचा दांडा बसला तेव्हा काकांनी समोरून एक डोळा मिटून बघितलं, मग मागून, मग वरून, आणि म्हणाले, "सरळ आहे." त्यांच्या तोंडून एवढं आलं की झालं.

आतल्या चौकटीच्या तारा तिथेच ओढल्या. डावी, उजवी, डावी, उजवी. पंख हलका होता, लटपटत होता, आणि दोन तारा एकमेकींना छेदून ताणल्या गेल्या की अचानक घट्ट झाला. प्लास्टिक तेच, ग्लू तोच, पण चौकट कडक झाली, हाताला कळलं. वरच्या पंखाला बोट लावलं की खालचाही हलत होता. काका हसत होते.

लुईस गनचं ठरवलं, एक ठेवणार, डावी. बाहेरच्या चौकटी, शेपटीच्या तारा आणि एलेरॉनच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपांच्या, केबल बाकी आहेत, त्या घरी होतील. स्टँडवरची पट्टी मराठीत करायची हे पक्कं आहे, यावर क्लबात थोडी चर्चा झाली कारण प्रदर्शनात सगळ्यांच्या पट्ट्या इंग्रजीत असतात, पण मी म्हटलं की हा माणूस मुंबईचा आहे आणि बघायला येणारी शाळेतली पोरंही इथलीच आहेत. मान्य झालं. पट्टीवर असं लिहायचं: लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर, मुंबई. २३ स्क्वाड्रन. सॉपविथ डॉल्फिन, १९१८. शेजारी एक छोटा नकाशा, त्यावर मुंबई, केंब्रिज आणि हँगार्ड. नकाशा ती मुलगी काढून देणार आहे, पुढच्या रविवारपर्यंत. मला तोवर खोक्यासाठी जाड फोम शोधायचा आहे, कारण लोकलच्या गर्दीतून हे दादरला न्यायचं म्हणजे तारा सांभाळायला हव्यात, पहाटेची पहिली गाडी धरली तर बसायला जागा मिळेल.