अंडं सांभाळणारी, अंड्यानंच रंगवलेली

ब्रिटिश-मेक्सिकन चित्रकार लिओनोरा कॅरिंग्टनचं 'द जायंटेस' हे चित्र तैलरंगात असतं, तर त्यातली बाई मला खरी वाटली नसती. १९४७च्या सुमाराचं, लाकडी फळीवर एग टेंपरानं, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगानं रंगवलेलं चित्र. समुद्रासमोर एक महाकाय स्त्री उभी आहे. केस पिकलेल्या गव्हासारखे, इवल्याशा हातांत अंडं. झग्याखालून पक्षी उडताहेत आणि पायाशी मुंगीएवढी माणसं.

मी स्वतः टेंपरात काम करते. अंड्याचा बलक या तळहातावरून त्या तळहातावर घेत कोरडा करायचा, चिमटीत धरून त्याची पातळ पिशवी टोचायची, आतला रस वाटीत घ्यायचा आणि पिशवी टाकून द्यायची. त्यात थोडं पाणी, रंगाची पूड. हा रंग बघता बघता वाळतो. तैलरंगासारखा ओल्यावर ओला घोळवता येत नाही, म्हणून छटा आणायची तर बारीक ब्रशनं रेघेशेजारी रेघ मारत बसावं लागतं. गडद, खोल सावली तर सहजी मिळतच नाही.

या चित्राची सगळी जादू मला तिथेच दिसते. तैलरंगात या बाईला वजन आलं असतं, आणि वजन आलं की तिच्या पायाखालची जमीन खचत कशी नाही, असा प्रश्न पडला असता. इथे जवळचा पक्षी आणि लांबचं जहाज, दोन्ही सारखीच स्पष्ट. धुकं नाही, आडोसा नाही. त्यामुळे अशक्य गोष्टही उघड्या उन्हात घडल्यासारखी वाटते. स्वप्नासारखं रंगवायचं म्हणून माझ्या क्लासमधली मुलं कडा पुसट करतात, तेव्हा मी त्यांना हेच चित्र दाखवते.

सध्या मी कडेवर विहीर घेतलेली बाई रंगवतेय. टेंपरात विहिरीचा काळोख जमवण्यापेक्षा मी ती काठोकाठ भरली आणि पाण्यात भर दुपारचं आभाळ आणलं. आता ती बाई तहानलेली वाटत नाही, चित्राचा विषयच बदलला. कल्पना आधी, माध्यम नंतर, असं म्हणणाऱ्यांशी माझं म्हणूनच पटत नाही.

कॅरिंग्टनची मेक्सिकोतली चित्रकार मैत्रीण रेमेदिओस वारो मात्र तैलरंगच वापरायची, पण हार्डबोर्डवर, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या कडक फळीवर. ओल्या रंगावर कागद दाबून उचलायचा, उमटलेल्या डागांतून झाडं, भिंती शोधायच्या आणि बारीक रेषा रंग खरवडून काढायच्या. तिचं १९५७चं पक्षी घडवणाऱ्या घुबड-बाईचं चित्र मोठं करून बघा. तैलरंग इतका कोरडा, इतका काटेकोर करता येतो, हे मी तिच्याकडून शिकले.