एप्रिलचा पहिला मंगळवार

कोलोरॅडोत एल्क हरणांची रायफलने शिकार होते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पण ती ठरते एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी. त्या दिवशी रात्री आठ वाजता राज्याच्या मुख्य ड्रॉचे, म्हणजे शिकार परवान्यांच्या सोडतीचे, अर्ज बंद होतात, आणि एकदा बंद झाले की कुणी कितीही गयावया केली तरी उपयोग नसतो. आमचं छोटं ऑफिस ग्रँड जंक्शनला आहे. बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्या शिकाऱ्यांना कुठल्या राज्यात, कुठल्या हंगामात, कुठल्या प्राण्यासाठी आणि कुठल्या युनिटमध्ये, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या भागात, अर्ज करायचा, हे आम्ही आखून देतो. घोडे, तंबू, वाटाड्या ही सगळी पुढची गोष्ट. आधी कागद.

त्या मंगळवारी दुपारी विस्कॉन्सिनहून एका आजोबांचा फोन आला. आवाज खणखणीत, बोलणं मोजकं. १९४८ च्या डिसेंबरातला जन्म. एल्कसाठी त्यांच्याकडे एकवीस प्रेफरन्स पॉइंट साठले होते.

एकवीस म्हणजे किती, ते सांगायला हवं. एल्क हे आपल्या सांबराच्याच गणगोतातलं, पण अंगाने बरंच थोराड हरीण. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या वर जातो. चांगल्या युनिटांत परवाने मोजके आणि मागणारे भरमसाट, म्हणून राज्य ड्रॉ काढतं. पहिल्या पसंतीचा परवाना मिळाला नाही, तर त्या वर्षाचा एक पॉइंट खात्यावर जमा होतो आणि पुढच्या वर्षी जास्त पॉइंटवाल्याचा नंबर आधी लागतो. आजोबांनी वर्षामागून वर्षं अर्ज केले होते, ते राज्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या मोफॅट काउंटीच्या नावाजलेल्या युनिटांसाठी. तिथले नर शिंगांसाठी देशभर प्रसिद्ध आहेत. पण लोकांचे पॉइंट दरवर्षी एकाने वाढतात, तशी परवाना मिळण्याची रेषाही वर सरकते. आजोबा त्या रेषेच्या मागे मागेच राहिले होते. पॉइंट हे मुदत ठेवीसारखे वाटतात, पण त्यांवर व्याज मिळत नाही, उलट दरवर्षी त्यांची किंमत उतरते. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, आणि बहुतेकांना ते ऐकायला आवडत नाही.

आजोबांना मात्र त्या दिवशी शिंगांचं काही पडलं नव्हतं. म्हणाले, "नात चौदा वर्षांची झाली. या वर्षी तिच्याबरोबर जायचंय. आमचा दोघांचा एकत्र अर्ज भरा. माझे पॉइंट आहेतच, लागेल नंबर."

इथेच गाडी अडली. कोलोरॅडोत गटाने अर्ज केला की गटातल्या सगळ्यात कमी पॉइंटवाल्याचे पॉइंट धरतात. नातीचा हा पहिलाच अर्ज, म्हणजे शून्य. एकवीस आणि शून्य मिळून इथे शून्यच. शेजारच्या वायोमिंगमध्ये गटाची सरासरी काढतात, म्हणून तिकडे अर्ज करणारे पुष्कळ जण इथेही तसंच असेल असं धरून चालतात. पण बाहेरच्यांसाठी वायोमिंगची एल्कची मुदत फेब्रुवारीतच संपते, आणि एका राज्याचे पॉइंट दुसऱ्या राज्यात चालत नाहीत. शिवाय कमी मागणीच्या युनिटात त्यांच्या गटाचा पहिल्या पसंतीला नंबर लागलाच, तर आजोबांचे एकवीसच्या एकवीस पॉइंट त्याच दिवशी शून्यावर येणार.

हे ऐकल्यावर पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग ते म्हणाले, "डॉक्टरांनी आठ हजार फुटांच्या वर जायला मनाई केलीय. पुढच्या वर्षी कुठे जायला मिळेल, मिळेल की नाही, कुणी सांगावं?"

मी त्यांना थांबायला सांगितलं आणि नकाशा उघडला. पहिल्यांदा मीकर गावाच्या आजूबाजूचा, व्हाइट रिव्हरच्या कळपाचा भाग पाहिला. पूर्वी तिथे माद्यांचे परवाने सहज मिळायचे. पण २०२२-२३ च्या हिवाळ्यात वायव्य कोलोरॅडोत इतकं बर्फ पडलं की एल्क, इतर हरणं आणि हरणासारखे दिसणारे प्राँगहॉर्न मोठ्या संख्येने मेले, आणि राज्याच्या वन्यजीव विभागाने तिथले परवाने झपाट्याने कमी केले. जुने आकडे बघून आखणी करणारे तिथे हमखास चुकतात. मग ग्रँड मेसाच्या उतारावर आले. पठाराचा माथा दहा हजार फुटांवर, पण खालच्या अंगाला, सात हजारांच्या आसपास, सरकारी जमीन आहे, गाडीरस्ते आहेत, आणि ऑक्टोबरच्या शेवटी वर बर्फ पडलं की माद्यांचे कळप पिन्यॉन-ज्युनिपरच्या झाडीत उतरतात. तिथला मादीचा परवाना शून्य पॉइंटलाही मिळण्यासारखा होता. त्यातून अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी मादीच्या परवान्यांतला काही वाटा वेगळा राखलेला असतो. म्हणजे नातीचं काम सोपं. अडचण आजोबांचीच होती: त्यांनी तोच परवाना पहिल्या पसंतीला मागितला तर एकवीस वर्षांचं संचित एका मादीवर खर्ची पडणार.

मी हे सगळं फोनवर समजावत होते. फोन स्पीकरवर होता हे मला तेव्हा कळलं, कारण मधेच मुलीचा आवाज आला. तिने विचारलं, "आजोबांनी रायफल घेतलीच नाही, नुसते माझ्याबरोबर आले, तर चालतं का?"

नुसतं चालतं असं नाही, कायद्याला ते हवंच असतं. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलाला एल्कसारख्या मोठ्या जनावराची शिकार करायची असेल तर बरोबर अठरा वर्षांवरचा माणूस लागतो. दोघं एकमेकांना दिसत आणि ऐकू येत राहिले पाहिजेत. त्या माणसाकडे स्वतःचा परवाना असण्याची गरज नाही. त्याने शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम केलेला हवा, पण १ जानेवारी १९४९ च्या आधी जन्मलेल्यांना कोलोरॅडोत त्यातून सूट आहे. आजोबा त्या तारखेच्या काही दिवस आधी जन्मले होते! मी हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

तर ठरलं. अर्ज नातीचा. आजोबांचा अर्ज फक्त पॉइंटचा: ई-पी-९९९-९९-पी हा कोड घातला की परवाना मागितला जात नाही, नुसता एक पॉइंट वाढतो. दोघांचे अर्ज वेगळे, म्हणून एकाची दुसऱ्याला अडचणही नाही.

मग मात्र घड्याळ धावायला लागलं. मुख्य ड्रॉला बसायचं तर आधी एक पात्रता परवाना विकत घ्यावा लागतो. नातीसाठी आम्ही मुलांचा छोट्या शिकारीचा परवाना निवडला, ससे-खारींचा, थोड्याच पैशांत मिळणारा. पण त्याआधी तिचं विस्कॉन्सिनचं सुरक्षितता प्रमाणपत्र इथल्या खात्यावर नोंदवून घ्यायला हवं. एका राज्याचं प्रमाणपत्र सगळीकडे मानतात, पण ते कुणीतरी बघून नोंदवावं लागतं. शेवटच्या दिवशी हेच काम हजारो लोकांना आठवतं. मुलीने कार्डाचा फोटो पाठवला आणि आजोबा विभागाच्या कॉल सेंटरच्या रांगेत लागले.

तेवढ्यात डेन्व्हरहून एका मराठी मुलाचा फोन आला. एच-वन-बी व्हिसावर आहे, ऑफिसातले मित्र शिकारीला नेतायत, रायफल ते देणार, अर्जाचं काय करू म्हणून. असे फोन आता वाढलेत, म्हणून इथे स्पष्टच लिहिते. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला बंदी आहे, मित्राची उसनी असली तरीसुद्धा. त्याला मोजके अपवाद आहेत, आणि त्यांतला एक म्हणजे अमेरिकेत मिळालेला वैध शिकार परवाना. म्हणजे आधी अभ्यासक्रम, मग परवाना, आणि तो हातात येईपर्यंत कुणाच्याही बंदुकीला हात लावायचा नाही. नेमबाजीच्या रेंजवर सहज गंमत म्हणूनही नाही. मी त्याला आधी वकिलाला विचारून घे असं सांगितलं, आणि या वर्षी ड्रॉच्या भानगडीत न पडता नुसतं त्यांच्याबरोबर चालायला जा म्हटलं. मुलगा समजूतदार निघाला.

साडेसातच्या सुमारास नातीचं प्रमाणपत्र नोंदलं गेलं. विस्कॉन्सिनमध्ये साडेआठ वाजलेले. आता शिकारीचा कोड. हा कोड मी गिऱ्हाइकाकडून स्वतः मोठ्याने वाचून घेते. पहिलं अक्षर ई, म्हणजे एल्क. दुसरं एफ, म्हणजे मादी. मग तीन आकडी युनिट. मग हंगाम: ओ-टू, म्हणजे रायफलचा दुसरा, ऑक्टोबरच्या अखेरीचा. शेवटी आर, म्हणजे रायफल. दुसऱ्या जागी एफऐवजी एम पडला तर मुलगी नराच्या रांगेत जाऊन बसते. युनिटचा एक आकडा चुकला तर डोंगराच्या भलत्याच बाजूला. मुलीने एकेक अक्षर वाचलं, मी समोर यादी धरून ऐकलं. तिने परत एकदा वाचलं, मी सांगितलं नसताना. त्याच क्षणी माझी खात्री पटली की या मुलीच्या हातात रायफल द्यायला हरकत नाही. अर्ज पोचल्याची मेल आली तेव्हा आठाला सात-आठ मिनिटं होती.

माझे वडील वनखात्यात होते, त्यांची उमेदीची वर्षं मेळघाटात गेली. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तो काळ त्यांनी पाहिलेला आहे. त्यांना मी हे काम करते हे सुरुवातीला अजिबात रुचलं नव्हतं. "यात जनावराचं काय भलं?" असं त्यांनी विचारलं होतं. मी त्यांना एवढंच सांगितलं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत एल्क जवळपास संपले होते, वायोमिंगमधून आणून सोडावे लागले. आज इथे पावणेतीन-तीन लाखांच्या आसपास आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. १९३७ च्या केंद्रीय कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव विभागांकडे वळवला, आणि परवान्यांचा पैसाही तिकडेच जातो. कुठल्या युनिटात किती माद्या मारू द्यायच्या हे कळपाची मोजणी करून ठरतं, आणि वाईट हिवाळ्यानंतर तो आकडा खाली येतो. आपल्याकडे हे जसंच्या तसं चालेल असं मी म्हणत नाही, आपल्या जंगलांचं गणित वेगळं आहे. पण परवान्याच्या त्या एका कागदात कळपाची मोजणी असते, आणि म्हणून तो भरताना मला हयगय खपत नाही.

ड्रॉचा निकाल मेअखेरीपासून लागायला लागतो. नातीचा नंबर लागला. ऑक्टोबरात शिकारीला जाण्याआधी दोघं ऑफिसात येऊन गेले. आजोबा उंच, किंचित वाकलेले. मुलीने नवं फ्लोरोसेंट गुलाबी जॅकेट घातलं होतं. कोलोरॅडोत नारिंगीऐवजी गुलाबीही चालतं, २०१६ पासून. फक्त कमरेच्या वर निदान ५०० चौरस इंच हवं आणि टोपीही या दोनपैकी एका रंगाची. तशी टोपी तिच्याकडे नव्हती, ती इथून घेतली. मी त्यांना पुन्हा एकदा मूसबद्दल, म्हणजे एल्कहूनही थोराड हरणाबद्दल, बजावलं. पहाटेच्या उजेडात मूसची मादी एल्कच्या मादीसारखी वाटू शकते, आणि दरवर्षी कुणी ना कुणी चुकून मूस मारतो. एल्कची मान गडद आणि बुडाकडचा ठिपका फिकट पिवळसर. मूसचं अंग सगळीकडे काळपट आणि नाक लोंबतं. खात्री नसेल तर चाप ओढायचा नाही.

मुलीला मादी मिळाली. त्याचं सविस्तर वर्णन तिचं तिने करावं. माझ्याकडे तिचा फोन आला तो कागदाचाच प्रश्न घेऊन: परवान्याचा टॅग सही करून लावलाय, मादी असल्याचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवलाय, आता घरी नेताना काय काय काढायचं? हरणांच्या मेंदूच्या रोगामुळे बहुतेक राज्यं मेंदू आणि कणा आत आणू देत नाहीत. तो रोग पहिल्यांदा दिसला तो कोलोरॅडोतच, १९६७ मध्ये. मी डोकं तपासणीला द्यायला सांगितलं आणि मांस हाडं काढूनच न्या म्हटलं. तपासणीत काही निघालं नाही.

डिसेंबरात आजोबांचा परत फोन. पॉइंट आता बावीस झाले होते. मोफॅट काउंटीचं नाव त्यांनी या वेळी काढलंच नाही. मी त्यांना सांगितलं की याहून बऱ्याच कमी पॉइंटांत, आठ हजारांच्या खाली, चांगला नर मिळण्यासारखी युनिटं आहेत. नंबर लागला की बावीसच्या बावीस जातील, उरलेले परत मिळत नाहीत, पण पाय चालतायत तोवर वापरून टाका. "जाऊ देत," म्हणाले. मी तीन युनिटं आणि दोन हंगाम लिहून पाठवले. नातीला ऑक्टोबरच्या कुठल्या आठवड्यात शाळेतून सुटी मिळते ते विचारून कळवतो, असं त्यांचं उत्तर आलंय.