गाठीची तार गरम होती

मार्च महिना, कापसाचा हंगाम ओसरत आलेला. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागात मी फायरमन आहे. आमच्याकडे या दिवसांत दुपारी फोन वाजला, की पत्ता कळायच्या आधीच नजर जिनांच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांच्या, रस्त्याकडे जाते. त्या दिवशीही तसंच झालं. "जिनात आग लागली, लवकर या," एवढं बोलून समोरच्याने फोन ठेवला.

आम्ही पोचलो तेव्हा आग तशी संपत आली होती. जिनात ती लागते कशी, ते आधी सांगतो. डबल रोलर मशीन चालू असली की रुईचे, म्हणजे सरकी निघालेल्या कापसाचे, बारीक तंतू सतत हवेत उडतात आणि पत्र्याखालच्या कैच्यांवर (छत पेलणाऱ्या तिरप्या सांगाड्यावर), वायरींवर, पंख्यांवर बोटभर जाडीचा थर बसतो. शेतातून आलेल्या कापसात गोटा, खिळा, ट्रॉलीचा नट, काय वाट्टेल ते असतं. लोखंड लोखंडाला घासलं की ठिणगी. ती त्या थराला लागली, की आग कैच्यांवरून अशी पळते की खालच्या माणसाला आधी डोक्यावर उजेड दिसतो आणि मग उष्णता जाणवते. थर जळून गेला की जाळ मंदावतो. बघणाऱ्याला वाटतं, संपलं. या जिनातल्या झाडलोटीबद्दल मी अहवालात लिहिलं आहेच. इथे एवढंच म्हणतो, की आठवड्यातून एकदा कैच्यांवरून बांबूचा झाडू फिरला असता तर आग एका मशीनपुरतीच राहिली असती.

आम्ही दोन होज पसरले, मशीनघर भिजवलं, सरकीचा ढीग उपसून पाणी मारलं. पाण्यात धुण्याची पावडर घातली होती. नवीन पोरांना याचं नवल वाटतं. पण कच्च्या रुईच्या अंगावर नैसर्गिक मेण असतं, नुसतं पाणी तिच्यावरून ओघळून जातं. साबणाचं पाणीच आत शिरतं.

तासाभरात सगळं थंड झालं. मॅनेजर चहा घेऊन आला. मालक फोनवर विम्याचं बोलत होते. बाहेर फाटकाशी एक ट्रक उभा होता, गाठी भरलेल्या, वर ताडपत्री अर्धी बांधून झालेली. ड्रायव्हर क्लीनरला हाका मारत होता. त्याला रात्रीतून महाराष्ट्राची हद्द ओलांडायची होती.

मी मॅनेजरला विचारलं, "या गाठी कधीच्या?"

"सकाळच्या आहेत साहेब. आगीचा आन् यायचा काही संबंध नाही. गाडी तं कवाचीच भरून झाली होती."

तो खोटं बोलत होता असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्याच्या हिशेबात आग म्हणजे जाळ दिसला ती वेळ. कापसाच्या बाबतीत हा हिशेब चालत नाही. मशीनमध्ये ठिणगी पडते, रुईचा एखादा पुंजका धुमसायला लागतो आणि जाळ न होता हवेच्या पाइपातून थेट गाठी बांधणाऱ्या प्रेसकडे जातो. तिथे प्रेस तो एकशेसत्तर किलोच्या गाठीत दाबून टाकते. आत हवा अगदी थोडी, पण धुमसायला तेवढी पुरते. अशी गाठ कधी दोन दिवसांनी पेटते, कधी त्याहूनही उशिरा.

आमच्या प्रशिक्षणात हे शिकवताना हमखास मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकचं उदाहरण येतं. 14 एप्रिल 1944. फोर्ट स्टाइकिन जहाजात दारूगोळा होता आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठीही होत्या. दुपारी धूर दिसला. पाण्याचा मारा सुरू होता, पण आगीचं मूळ हाती लागत नव्हतं. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, थोड्या वेळाने दुसरा. 66 अग्निशामक गेले. दरवर्षी त्या तारखेला आम्ही छातीला छोटा झेंडा लावतो, तो त्यांच्यासाठी. लोकांना त्या दिवसाचे स्फोट आठवतात. मला जिनाच्या फाटकातून आत शिरताना त्या गाठी आठवतात.

मी प्रेसवाल्या काकांकडे गेलो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, अंगावर रुई चिकटलेली, बाजूला उकिडवा बसलेला. जाळ दिसायच्या आधी काही वास आला होता का, असं विचारलं. त्यांनी आधी मॅनेजरकडे पाहिलं.

"आला होता भाऊ. केस जळाल्यावानी. जेवाच्या सुट्टीच्या आधी."

म्हणजे जाळ दिसायच्या दीड-दोन तास आधी. त्या वेळात प्रेस चालूच होती.

एक सोय मात्र प्रत्येक जिनात असते. प्रत्येक गाठीवर नंबर पडतो आणि वजनासकट तो रजिस्टरला चढतो. आम्ही रजिस्टर मागवलं. वास आल्यानंतर दाबलेल्या गाठी कोणत्या, ते काकांनी बोट ठेवून सांगितलं. थोड्या गोदामात होत्या, बाकीच्या ट्रकवर, आणि शेवटी चढवल्या म्हणून सगळ्यांत वर, ताडपत्रीच्या लगत.

गाडी खाली करायची म्हटल्यावर आवाज चढले. हमाल निघून गेले होते. ड्रायव्हर म्हणाला, भाड्याचं कोण बघणार? मॅनेजर म्हणाला, "साहेब, धूर नाही, वास नाही, काहून खाली करता?" आमचे अग्निशमन केंद्राचे अधिकारी फार बोलत नाहीत. ते नुसतं म्हणाले, "गाडी फाटकाबाहेर जाणार नाही," आणि बंब फाटकात आडवा लावायला सांगितला. बोलाचाली तिथेच थांबली.

गाठ तपासताना कापसाला हात लावून उपयोग नसतो. कापूस उष्णता बाहेर येऊ देत नाही, थंडीत आपण गादी-रजई भरतो ते म्हणूनच. तपासायची ती बांधलेली तार. हाताची उलटी बाजू एकेका तारेला लावत गेलो. उन्हाने सगळ्याच कोमट होत्या. एका गाठीच्या मधल्या तारेवर मात्र हात टेकवेना.

ती गाठ आम्ही तशीच, न उघडता, मोकळ्या मैदानात नेली. गोदामात किंवा ट्रकवर अशी तार तोडायची नसते. दाबलेली रुई उसळते, आत हवा शिरते आणि क्षणात भडका होतो. दोन्ही बाजूंना ब्रांच (होजच्या टोकाची पाणी मारायची नळी) धरून माणसं उभी केली, वाऱ्याची दिशा पाहिली आणि लांब दांड्याच्या कटरने तार तोडली. गाठ फुगली. आधी काहीच दिसलं नाही. मग मध्ये नारळाएवढा काळा गोळा दिसला, कडेने लाल, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्याने पेट घेतला.

ड्रायव्हर माझ्या मागेच उभा होता. त्याच्या केबिनमागे अशीच सतरा टन रुई होती, वर ताडपत्री, आणि पुढे घाटाचा रस्ता. भाड्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. संशयाच्या बाकीच्या गाठी आम्ही मैदानात एकमेकींपासून लांब मांडून ठेवायला लावल्या आणि त्यांच्यावर रात्रंदिवस माणूस बसवायला सांगितलं.

घरातल्या गादीचंही हेच असतं, आणि ते लोक अजिबात मनावर घेत नाहीत. डासांची कॉइल किंवा विडी गादीवर पडते, भोक पडतं, घरचे तांब्याभर पाणी ओततात आणि गादी उलटी करून त्यावरच झोपतात. मध्यरात्री ती परत धुमसते. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला जाग येईलच असं नाही. अशी गादी अंगणात न्या, फाडा, कापूस सुटा करून भिजवा आणि ती रात्र बाहेरच राहू द्या. गादी गेली तर गेली.

जिनातून निघताना मी काकांना विचारलं, वास आला तेव्हाच मशीन बंद का नाही करायला लावली?

"मशीन बंद कराचा अधिकार मले कोनं देल्ला?" ते म्हणाले.

कायद्याने इमारतीच्या मालकाला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यावं लागतं. त्यात सिलिंडर, होज, पंप सगळं येतं. वास आल्यावर बटण कोण दाबू शकतो, हे त्या कागदावर कुठेच विचारत नाहीत. मालक समजूतदार निघाले. प्रेसपाशी लाल बटण बसवलं आणि वास आला तर कोणत्याही कामगाराने ते दाबावं, त्याचा रोज कापला जाणार नाही, असं स्वतःच्या सहीने लिहून भिंतीला लावलं. शेजारच्या जिनात मी तोच कागद दाखवला, तर तिथला मॅनेजर हसला. "मग तं पोट्टे दिवसभर बटनच दाबतीन," म्हणाला. हंगाम सुरू व्हायच्या आधी, दिवाळीच्या सुमारास, मी त्याच्याकडे परत जाणार आहे. या वेळी प्रेसवाल्या काकांना सोबत नेईन, त्यांनी यायचं कबूल केलंय.